कुठलाही एक लेख

घरात सुना दोन होत्या आणि सासरा एक. एकच सासरा असला की तो वाटून घ्यावा लागतो, ही गोष्ट थोरलीच्या लक्षात यायला लग्नानंतर बारा वर्षं जावी लागली. तोवर तो अख्खा तिच्याच वाट्याला होता.

सासरा म्हणजे छापखान्यातला जुना मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे मिळतात असा हा जगातला एकमेव सज्जन धंदा, असं तो स्वतःच म्हणायचा. छापखान्यात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ते बारीक अक्षरांचे कागद, आणि एकदा तर सोळा खंडांचा ज्ञानकोश, असं सगळं चाळीस वर्षं त्याच्या नजरेखालून गेलं.

हे काम एकट्याचं नसतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून भागत नाही. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, कंस आला की 'कंस सुरू', संपला की 'कंस बंद'. आवाज सपाट ठेवायचा, कारण आवाजात रंग भरला की ऐकणारा मजकुरात गुंततो आणि चूक हातची निसटते. थोरली ऐन विशीत या कामाला लागली. सहा वर्षं ती भिंगासमोर बसून वाचत होती आणि सहा वर्षांत तिने एक ओळ गाळली नाही. सातव्या वर्षी भिंग घरी जाऊन थोरल्या मुलाला म्हणाला, "मुलगी बघून ठेवलीय. दिसायला कशी आहे ते मात्र तू बघ. मी आपला कागदाकडेच बघत होतो."

लग्न झालं, भिंग निवृत्त झाला, आणि वर्षभरात त्याचे डोळे गेले. पुरते गेले नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर डाग बसला. कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघायचा तर म्हाताऱ्याला तोंड भिंतीकडे फिरवावं लागे, म्हणजे तो माणूस नजरेच्या कडेला येई. नव्या पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा रुसला. मग घरचे सांगायचे, "अहो, रुसले नाहीत. तोंड फिरवलं ना, म्हणजे आता तुम्हाला बघतायत."

वाचन बंद झालेल्या मुद्रितशोधकाचं करायचं काय? ते थोरलीने कुणी न सांगता ठरवून टाकलं. ती अजून त्याच छापखान्यात सकाळपाळीला औषधांचे कागद तपासत होती. अडीचला घरी यायची, हातपाय धुवायची, आणि बरोबर तीनला म्हाताऱ्याच्या पलंगासमोर लाकडी खुर्ची ओढून पेपर उघडायची. पहिल्या पानापासून, स्वल्पविरामांसकट. म्हातारा पाठ ताठ करून, डोळे मिटून, तोंड सरळ समोर ठेवून ऐकायचा. मध्येच बोट वर करायचा. "परत." ती परत वाचायची. चूक सापडली की दोघांचेही चेहरे खुलायचे, आणि पेपरवाले कधी कमी पडू देत नसत. चार वाजले की म्हातारा म्हणायचा, "ठीक," आणि ती उठायची. नवऱ्याला कधी दोन शब्द जास्तीचे मिळाले नसतील, पण हा तास अकरा वर्षं चुकला नव्हता.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली.

धाकटी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. नावं लिहून घेणं, वेळ देणं, हे आपलं सांगायला. आतून यंत्राचा आवाज येत असे आणि बाहेर बाकावर माणसं गाल धरून दाराकडे बघत बसलेली असत. त्यांना पळून जाऊ न देणं हे तिचं खरं काम. त्यासाठी तिला रोज काहीतरी नवं बोलायला लागे, आणि त्या शोधात तिला फोनवर एक ज्ञानकोश सापडला. तिथे एक बटण होतं, 'कुठलाही लेख'. ते दाबलं की लाखो लेखांमधून कुठलातरी एक समोर येई. नदी येईल, राजा येईल, खिळ्याचा इतिहास येईल, काय येईल ते आपल्या हातात नाही. धाकटीला या खेळाचं वेडच लागलं.

एका दुपारी चारला ती दवाखान्यातून आली. थोरलीचं 'ठीक' नुकतंच झालं होतं, ती पेपरची घडी घालत होती. धाकटी पर्ससकट आत शिरली आणि थेट पलंगाच्या कडेवर टेकली. थोरलीला अकरा वर्षांत पलंगावर बसायचं सुचलं नव्हतं.

"बाबा, आज काय आलं सांगू?" धाकटी म्हणाली. "एक बेट आहे. माणसं किती? एकसष्ट. तिथलं दीपगृह बंद पडलं. राखणदार गेला. पण त्याची बायको रोज संध्याकाळी एकशे बारा पायऱ्या चढायची आणि वरची काच पुसून खाली यायची. लोक म्हणायचे, अगं, दिवा लागत नाही, काच कशाला पुसतेस? तर म्हणाली, मळकी काच बघून ते काय म्हणतील. आणि शेवटच्या पायरीवर रोज बसून रडायची."

म्हातारा हसला. मोठ्याने नाही, पण हसला. "मळकी काच," तो म्हणाला. "बाईला कामाची चाड होती." आणि त्याने तोंड हळूच भिंतीकडे फिरवलं.

म्हणजे तो धाकटीला बघत होता. थोरली पेपर हातात धरून तिथेच उभी राहिली. अकरा वर्षांत त्याने तिच्यासमोर डोळे मिटले होते, बोट वर केलं होतं, 'परत' म्हटलं होतं. तोंड फिरवून तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन तिने नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. आता थोरली काही वाईट बाई नव्हती. धाकटीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणाऱ्यातली होती. पण ताप येणं वेगळं आणि सासऱ्याने तोंड फिरवून बघणं वेगळं.

नव्याचे नऊ दिवस, असं तिने स्वतःला बजावलं आणि खरोखर दिवस मोजले. नवव्या दिवशी धाकटीने एका भुंगेऱ्याची हकिकत सांगितली. तो म्हणे आयुष्यभर एकाच झाडावर राहतो, आणि झाड तोडलं तर बुंध्याभोवती फिरून फिरून माती गुळगुळीत करतो. दहाव्या दिवशी एक फुटबॉलपटू आला, ज्याने अख्ख्या कारकिर्दीत एकच गोल केला आणि तोही स्वतःच्या संघावर. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी द्यायला थोरलीला जावं लागलं.

मग तिने स्वतःच्या फोनवर तो ज्ञानकोश उघडला. हे तंत्र आपल्यालाही जमेल, त्यात काय एवढं. बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पेपर बाजूला ठेवून तिने वाचलं, "भुंगेऱ्यांची एक जात, स्वल्पविराम, लांबी सहा मिलिमीटर, स्वल्पविराम, रंग तपकिरी, पूर्णविराम."

"पुढे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एवढंच आहे."

"हं. पेपर घे."

तिने पुन्हा दाबलं. एक गाव आलं, लोकसंख्या दोनशे चौदा. पुन्हा दाबलं. दुसऱ्या श्रेणीतला गोलरक्षक आला, त्याची उंची आणि जन्मतारीख. पुन्हा भुंगेरा, पुन्हा गाव. आठवडाभर ती दाबत राहिली. धाकटीला विधवा आणि दीपगृहं, आणि आपल्या नशिबी भुंगेरे. बटणसुद्धा तोंड बघून लेख देतं की काय? एका सकाळी तिने सकाळपाळीला जाण्याआधी आपला फोन धाकटीच्या प्लगला लावला. वीज तीच असते हे तिला माहीत होतं, तरी लावला. त्या दिवशी आलं एक धरण, त्याची उंची, आणि 'हा लेख अपूर्ण आहे' अशी सूचना.

त्याच दुपारी ती पेपर वाचत होती. तिसऱ्या पानावर, ऐन वाक्याच्या मधोमध, म्हाताऱ्याने बोट वर केलं. ती थांबली.

"किती वाजले?" तो म्हणाला. "धाकटी आली का?"

तिने घड्याळाकडे बघितलं. साडेतीन झाले होते. तिचा अजून अर्धा तास उरला होता.

"नाही," ती म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं, पूर्णविरामासकट. रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "उद्यापासून दुपारी मला जमणार नाही. काम वाढलंय." म्हातारा नुसतं "बरं" म्हणाला. दुपारी घरी कामं अशी कुठली वाढली, हे तिच्या नवऱ्याने विचारलं नाही, कारण तो जुना आणि शहाणा नवरा होता.

कामं तिने काढली. डबे पुसले, फडताळ रिकामं करून पुन्हा लावलं, चमच्यांची चमच्यांशी जोडी जुळवली. तीन ते चार घर अगदी गप्प असे. चारला धाकटी येई आणि मग फटीतून आवाज येत. थोरलीला स्वयंपाकघराच्या दारातून पलंगाची कड दिसायची, धाकटीची पाठ दिसायची, आणि भिंतीकडे फिरवलेलं म्हाताऱ्याचं तोंड दिसायचं. म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूणसुद्धा ती पाण्यात बघायला लागली होती, कारण धाकटी त्याच्यावर बसायची.

जळफळाट माणसाला कामाला लावतो. बेटाची हकिकत ऐकली तेव्हाच तिला एक शंका चाटून गेली होती. आता रिकामा तास होताच. ज्ञानकोशात बटणाशिवाय शोधायचीही सोय होती, तिथे तिने बेटाचं नाव घातलं. ते धाकटीने नंतर बोलण्याच्या ओघात एकदाच उच्चारलं होतं, पण थोरलीचा कान छापखान्यात तयार झालेला. लेख उघडला. चार ओळी होत्या. बेटाची लांबी, रुंदी, लोकसंख्या एकसष्ट, आणि दीपगृह बंद. बायको नव्हती. काच नव्हती. एकशे बारा पायऱ्या तर नव्हत्याच.

थोरलीने लेख दोनदा वाचला. मग भुंगेरा शोधला. सहा मिलिमीटर, तपकिरी. बुंध्याभोवतीची माती कुणी गुळगुळीत केली नव्हती. फुटबॉलपटूने तर तेवीस गोल केले होते, सगळे व्यवस्थित समोरच्या संघावर. म्हणजे धाकटीलाही तीच गावं, तेच भुंगेरे येत होते. बटण दोघींना सारखंच होतं. पुढचं धाकटी स्वतः रचत होती, दवाखान्यातल्या बाकावर रचावं तसं, आणि चाळीस वर्षं खऱ्याखोट्याचा निवाडा करणाऱ्या माणसाला ज्ञानकोश म्हणून खपवत होती.

इतका आनंद थोरलीला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तिने एक वही घेतली आणि पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या रकान्यात धाकटीने सांगितलेलं, उजव्या रकान्यात मूळ लेख. आधी ऐकलेलं बेट, भुंगेरा आणि फुटबॉलपटू तिने आठवून पहिल्या पानांवर उतरवले. रोज चारला ती दाराआड स्टूल घेऊन बसायची आणि शब्द न् शब्द उतरवायची. धाकटी बोले भरभर, पण थोरलीच्या कानाने छापखान्यात त्याहून भरभर वाचणारे ऐकले होते. म्हातारा हसला की ती कंसात 'हसले' असंही लिहायची, कारण पुरावा म्हणजे पुरावा. तेवीस दिवसांत वही अर्धी भरली.

"कशाला हे?" एकदा नवऱ्याने वही पाहून विचारलं. "बाबांचं मन रमतंय ना?"

"खोट्यात रमतंय."

"मग ते सांगून काय होणार?"

"कळेल त्यांना," ती म्हणाली. काय कळेल ते तिने सांगितलं नाही. आपण अकरा वर्षं एक ओळ गाळली नाही, हे कळेल, असं तिच्या मनात होतं.

सुट्टीचा दिवस तिने मुद्दाम निवडला. दोघे भाऊ बाहेरच्या खोलीत होते. चार वाजता धाकटी पलंगाच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "बाबा, आज एक पूल आलाय." तेवढ्यात थोरली वही घेऊन आत आली. ती बसली नाही.

"पूल नंतर," ती म्हणाली. "बाबा, आधी हे ऐका. हिने सांगितलेलं बेट. मूळ लेख चार ओळींचा आहे. त्यात बाई नाही, काच नाही, रडणं नाही. भुंगेरा, दोन ओळी. फुटबॉलवाला, सहा ओळी. माझ्याकडे तेवीस दिवसांचं सगळं लिहिलेलं आहे. हिने एकही लेख होता तसा सांगितलेला नाही. ज्ञानकोशाच्या नावाखाली ही वाटेल ते सांगते तुम्हाला."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने बोटांनी पांघरुणाची कड मुडपायला सुरुवात केली. "ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही माझं सगळं लिहून ठेवलंत?"

थोरलीला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," म्हातारा म्हणाला.

"काय कळलं?"

"ज्ञानकोशात कुणी रडत नसतं. सोळा खंड वाचलेत आपण, तूच नाही का वाचून दाखवलेस? लढायांत लाख लाख माणसं मरतात, पण रडत कुणी नाही. मला कळणार नाही?"

"मग तरी ऐकत राहिलात?"

"मजा येत होती," म्हातारा म्हणाला.

हे तिला लागलं. तो निदान नाही तरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. तिच्या तोंडून आता जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. "म्हणून त्या दिवशी माझं वाचन मध्येच तोडून विचारलंत, धाकटी आली का."

"विचारलं."

"माझा अर्धा तास उरला होता."

"बेटाचं नाव मी विसरलो होतो," म्हातारा म्हणाला. "तिने काय काय घुसडलंय ते मूळ वाचून बघायचं होतं मला. नाव तिच्याकडे. ती आली की नाव घ्यायचं आणि तुझ्याकडून लेख वाचून घ्यायचा, असा विचार. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार? ही तर वाचायला लागली की ध चा मा करते." धाकटीने मान खाली घातली, पण तिला हसू आवरलं नाही. "तर तू दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीस."

"तुम्ही हाक मारायची होती."

"सकाळी छापखाना, दुपारी छापखान्यातला म्हातारा. म्हटलं, कंटाळली असेल. अकरा वर्षं काय थोडी झाली? कंटाळलेल्या माणसाला हाका मारू नयेत."

थोरली वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली, "बाबा रोज तीनला उठून बसायचे. मी चारला आले की ही खुर्ची अशीच समोर ओढलेली असायची. पहिल्यांदा मी बसायला गेले तर म्हणाले, तिथे नको, इकडे पलंगावर टेक. मला वाटलं, मोडकी असेल."

थोरलीने खुर्चीकडे बघितलं. मोडकी नव्हती. पाठीचा रंग तिच्याच पदराने घासून घासून गेला होता, आणि ती पलंगापासून अगदी तिच्या अंतरावर होती, गुडघे लागणार नाहीत आणि आवाज चढवावा लागणार नाही इतक्या. डोळ्यांसमोर डाग असलेल्या माणसाने ते अंतर रोज हातांनी चाचपून लावलं असणार. ती इतके दिवस भिंतीपलीकडे चमचे जुळवत बसली होती.

"लिहिलंयस म्हणालीस," म्हातारा म्हणाला. "तिचं एका बाजूला, मूळ एका बाजूला?"

"हो."

"दोन रकान्यांत?"

"हो."

म्हाताऱ्याने पाठ ताठ केली. उशी सरळ करून घेतली. त्याच्या आवाजात छापखान्यात छपाईला चढणाऱ्या नव्या फर्म्याची घाई आली. "मग उभी काय राहिलीस? पहिल्यापासून वाच. आधी डावा, मग उजवा. काही गाळू नकोस."

थोरली खुर्चीवर बसली. धाकटी पलंगाच्या कडेवरून उठली नाही आणि थोरलीने तिला उठ म्हटलं नाही. मनातून मात्र म्हटलं. इतक्या लवकर निवळायला मनातला जळफळाट म्हणजे काही गढूळ पाणी नव्हतं.

तिने वही उघडली आणि कामाचा सपाट आवाज काढला. "डावा रकाना. एक बेट आहे, पूर्णविराम. माणसं किती, प्रश्नचिन्ह. एकसष्ट, पूर्णविराम." त्या आवाजात दीपगृह बंद पडलं, राखणदार गेला, बायको एकशे बारा पायऱ्या चढली. "शेवटच्या पायरीवर रोज बसून रडायची, पूर्णविराम. कंस सुरू, हसले, कंस बंद."

"ते कोण हसलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही."

"तेही लिहिलंस?"

"होतं ते लिहिलं," थोरली म्हणाली आणि पान उलटता उलटता तिने वर बघितलं. बोट वर झालं असेल, 'परत' येईल, अशा सवयीने बघितलं. बोट वर नव्हतं. डोळेही मिटलेले नव्हते. म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.